निगेटिव्हच्या पाकिटापासून क्लाउडपर्यंत : स्टुडिओतील जतनाचा इतिहास

एकाच ठिकाणी ठेवलेला चित्रसंग्रह किती सहज नष्ट होतो, याचा मोठा दाखला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याने दिला आहे. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी 1844 मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. त्यांनी रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. 1866 च्या आगीत त्या जळाल्या. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्याने नकला केल्या. त्यांतील बऱ्याच 1885 मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा सचित्र ग्रंथ मात्र टिकला, कारण छापील प्रती अनेक ग्रंथालयांत पोहोचल्या होत्या.

मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या सिकंदराबाद आणि मुंबईतील स्टुडिओंचे काम काचेच्या निगेटिव्हवर चाले. काच जड आणि ठिसूळ असली, तरी नीट ठेवल्यास शतकभर टिके. त्यांच्या संग्रहातील 2,857 काचप्लेटा 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.

काचेची जागा फिल्मने घेतल्यावर जतन सोपे झाले. स्टुडिओत निगेटिव्ह कापून पाकिटात भरत, त्यावर क्रमांक घालत आणि तोच क्रमांक नोंदवहीत उतरवत. गिऱ्हाइकाने काही वर्षांनी जादा कॉपी मागितली, तर वहीवरून पाकीट सापडे. पाकीट हरवले, तर मात्र मूळच गेले. उन्हाळ्याचा ताप आणि पावसाळ्याची ओल हे फिल्मचे कायमचे शत्रू. ओलीने तिच्यावर बुरशी चढते. जुनी नायट्रेट फिल्म तर सहज पेट घेई. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची असंख्य रिळे नष्ट झाली.

कोडॅक कंपनीचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा छायाचित्र कॅसेटवर साठवत असे, आणि एका चित्राला 23 सेकंद लागत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल एसएलआर कॅमेरे आवाक्यात आले. छत्रपती संभाजीनगर शहरातील पुंडलिकनगर, गारखेडा यांसारख्या वस्त्यांतील स्टुडिओंचाही मुख्य आधार असलेले लग्न, बारसे आणि पासपोर्ट फोटोंचे काम कार्ड आणि संगणकावर आले. निगेटिव्हचे पाकीट गेले, नोंदवहीची जागा फोल्डरने घेतली.

जतन मात्र अवघड झाले. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली, फाइल 25 एमबीची धरली, तर एका लग्नाच्या 2,000 फाइल्स सुमारे 50 जीबी होतात. 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर त्या ठेवायच्या, तर 11 तबकड्या लागतात. निकृष्ट तबकडीवरील थर काही वर्षांत खराब होतो. म्हणून स्टुडिओ हार्ड डिस्ककडे वळले. पण फिरती डिस्क पडली किंवा जुनी झाली, की पूर्ण हंगामाचे काम जाऊ शकते. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड व्यवस्था डिस्क बंद पडल्यास उपयोगी पडते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हींवरून पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसही जोडलेल्या सगळ्या डिस्कवरील फाइल्स कुलूपबंद करतो.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम या सगळ्यावरचा उपाय मानला जातो : एकूण 3 प्रती, 2 वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील 1 स्टुडिओबाहेर. बाहेरची प्रत घरी ठेवलेली डिस्क असू शकते किंवा क्लाउडवरची. काम संपताच तारीख आणि गिऱ्हाइकाच्या नावाने फोल्डर करणे, प्रत उघडून तपासणे आणि दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवणे, हे त्या नियमाचे रोजचे रूप. प्रत उघडते याची खात्री झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करू नये.