दोष कोण मोजतं?

१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने एक पत्रक काढलं. ‘बीएल-५सी’ या बॅटरीच्या काही नगांमध्ये चार्जिंगच्या वेळी शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी भलतीच तापू शकते, असं त्यात म्हटलं होतं. या बॅटऱ्या मात्सुशिता या जपानी उद्योगाने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवल्या होत्या. संख्या ४ कोटी ६० लाख. आपल्याकडे ही बॅटरी घराघरांत होती. टॉर्चवाला ११०० तिच्यावरच चालायचा. मग फोनचं मागचं झाकण काढून बॅटरीवरचा २६ अक्षर-अंकांचा क्रमांक वाचायचा आणि आपली बॅटरी त्या खेपेतली आहे का ते तपासायचं, असा उद्योग सुरू झाला. त्या खेपेतली निघाली तर बदलून मिळणार होती, फुकट.

या प्रकरणातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तोवर जगभरातून बॅटरी तापल्याच्या सुमारे १०० घटना नोंदल्या गेल्या होत्या. गंभीर इजा कुणालाच झाली नव्हती. म्हणजे ४ लाख ६० हजार बॅटऱ्यांमागे एक घटना. या शंभर जणांपैकी प्रत्येकाच्या दृष्टीने ही आपल्या एकट्याच्या फोनची गोष्ट होती. आपण शंभरांतले एक आहोत हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ते फक्त कंपनीला दिसत होतं, कारण सगळ्या तक्रारी शेवटी तिच्याकडेच पोचत होत्या.

सदोष मालाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा कंपनीची नियत, कस्टमर केअरवाल्यांचं वागणं, वॉरंटीच्या बारीक अक्षरांतल्या अटी यांबद्दल बोलतो. ते सगळं आहेच. पण मला वाटतं, मूळ प्रश्न मोजणीचा आहे. दोष किती जणांच्या नगात आहे हे ज्याला माहीत, त्याच्या हातात सगळा खेळ. ग्राहकाच्या हक्कांचा इतिहास त्या अंगाने वाचला, तर आपण कुठवर आलो आणि कुठे अडलो ते नीट दिसतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे तक्रार आली की तिला तिकीट नंबर मिळतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं उत्तर. पण तशीच दुसरी तक्रार आली की ती पहिलीला जोडली जाते. अशा पाच-दहा जोडल्या गेल्या की कुणाचं काही चालत नाही, दोष मान्य करून दुरुस्त करावाच लागतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नेमकी हीच जोडणी ग्राहकाला दिसत नाही. तिथे प्रत्येकाला एकच वाक्य ऐकायला मिळतं, “सर, असा प्रॉब्लेम आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय.”

कायद्यालाही आधी उत्पादक दिसतच नव्हता. जुन्या व्यवहारात दोनच माणसं असत, विकणारा आणि घेणारा. घेणाऱ्याने पारखून घ्यावं हा मूळ नियम, आणि आपल्या १९३०च्या माल विक्री कायद्यातही तोच पाया आहे, काही अपवाद जोडून. बनवणारा या चित्राबाहेर. १९१६ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक मोटर कंपनी हा खटला निकाली निघाला. ब्यूक गाडीच्या चाकाच्या लाकडी आऱ्या मोडून मालक जखमी झाला होता. कंपनीचं म्हणणं, आम्ही गाडी डीलरला विकली, या माणसाला नाही; आणि चाक तर दुसऱ्याच कारखान्यातलं. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दोन्ही बचाव फेटाळले. गाडीवर नाव तुमचं, तर सुटे भाग तपासण्याची जबाबदारीही तुमचीच. नोकियाने मात्सुशिताच्या बॅटऱ्या स्वतः बदलून दिल्या, त्यामागे या विचाराची लांबलचक वाट आहे.

आपल्याकडे ही वाट पुण्यातून आणि मुंबईतून जाते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मुंबईत शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवू लागली. त्याकडे स्वस्त धान्याची सोय म्हणून पाहिलं जातं, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच पोत्यातली डाळ दहा घरांत गेली, की खडे कुणा एकाच्या नशिबाचे राहत नाहीत. दहाही जणी एकमेकींना विचारतात. मोजणी ग्राहकांच्या हातात येते ती अशी.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. वकील न लावता, जिल्ह्याच्या ठिकाणी, उत्पादकालाही प्रतिवादी करून दाद मागता येऊ लागली. ही मोठीच मजल होती. पण दाद मागायची ती बहुतेक वेळा एकेकट्याने. समान तक्रारीच्या अनेकांसाठी मिळून दावा करायची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी ते अनेक कोण हे आधी ठाऊक हवं. डाळीच्या संघात ते शेजारी होते. फोनच्या बाबतीत ते देशभर विखुरलेले, आणि त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर.

स्मार्टफोन आल्यावर तर आकड्यांनीच ग्राहकाला उत्तर देणं सुरू झालं. जून २०१०मध्ये आयफोन ४ बाजारात आला. डाव्या हाताच्या तळव्याने खालचा कोपरा झाकला की सिग्नल पडतो, अशा तक्रारी लगेच आल्या. अॅपलने आधी सांगितलं की दांड्या दाखवण्याचं सूत्र चुकीचं आहे, खरा सिग्नल मुळातच कमी असतो. मग ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या स्वतंत्र संस्थेने प्रयोगशाळेत तपासून, आम्ही या फोनची शिफारस करू शकत नाही, असं जाहीर केलं. चार दिवसांनी, १६ जुलैला, स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हर देऊ केलं. तिथे त्यांनी एक आकडा ठेवला: अँटेनाबद्दल कंपनीला फोन करणारे ग्राहक फक्त ०.५५ टक्के. आकडा खरा असेलही. पण फोन न करता हात बदलून बोलू लागलेले त्यात कसे येणार? मोजपट्टी कंपनीची आणि मोजणाराही कंपनीचाच.

उलट उदाहरण २०१६चं. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७चे फोन पेट घेऊ लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने जगभरातल्या ३५ घटना मान्य केल्या आणि सुमारे २५ लाख फोन परत मागवले. बदलून दिलेलेही पेटू लागले तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद केलं. मग कंपनीने २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्यांची चाचणी घेऊन जानेवारी २०१७मध्ये कारणं जाहीर केली. एवढी तत्परता कशामुळे? विमानात या फोनला बंदी घालणाऱ्या जाहीर सूचना निघाल्या होत्या, जळक्या फोनचे फोटो सगळीकडे होते. आग लपत नाही. ज्या फोनचा नुसता स्पीकर जातो, स्क्रीनवर उभी रेघ येते, जो आपोआप बंद-चालू होत राहतो, त्याच्यासाठी कुणी सूचना काढत नाही.

आमच्या घरातला फोन याच दुसऱ्या जातीचा. मी आईला घेऊन दिला होता, चिपळूणला. आठव्या महिन्यात, ऐन जुलैमध्ये, तो स्वतःहून रीस्टार्ट होऊ लागला. सर्व्हिस सेंटरने आतली एक चिकटपट्टी गुलाबी झालेली दाखवली आणि जॉबशीटवर ‘पाण्याचा संपर्क’ असं लिहून वॉरंटी नाकारली. आई म्हणाली, “अरे, पाण्याजवळ नेलाच नाही मी कधी. देवघराच्या कोनाड्यात असतो तो.” काउंटरवरच्या मुलाने मान डोलावली आणि पट्टीकडे बोट दाखवलं. पैशांपेक्षा तिला ते लागलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या शब्दाहून त्या पट्टीचा शब्द वरचा ठरला होता.

या पट्टीलाही इतिहास आहे. अशाच पट्टीच्या आधारे वॉरंटी नाकारल्याबद्दल अमेरिकेत अॅपलवर सामूहिक दावे झाले. हवेतल्या दमटपणानेही ही पट्टी रंग बदलू शकते, असा मुद्दा त्यात आला, आणि २०१३मध्ये कंपनीने ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. कोकणातल्या जुलैत भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात. तिथे त्या पट्टीने काय सिद्ध होतं? पण असं विचारायला चिपळूणच्या, रत्नागिरीच्या, मालवणच्या किती पट्ट्या गुलाबी निघाल्या हे माहीत हवं. ते सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असणार. आमच्या हातात एक जॉबशीट.

२०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. त्यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे, राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय आहे, आणि धोकादायक माल परत मागवायला लावणारं केंद्रीय प्राधिकरणही आहे. पण फोन धोकादायक नाही, नुसता निकामी आहे. मग वाट आयोगाचीच. दोष उघड दिसत नसेल तर नग प्रयोगशाळेत पाठवायचा आणि त्याची फी आयोग आधी तक्रारदाराला भरायला लावू शकतो. लाखो नगांच्या दुरुस्तीच्या नोंदी ज्याच्याकडे आहेत तो गप्प, आणि एकच नग ज्याच्याकडे आहे त्याने पुरावा आणायचा.

हे अटळ नाही, याचा दाखला आपल्याच दुसऱ्या कायद्यात आहे. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. एखाद्या मॉडेलच्या ठरावीक टक्के मालकांनी तोच दोष सरकारकडे नोंदवला, तर सरकार ती वाहनं परत मागवायला लावू शकतं. टक्केवारी सरकार ठरवतं, तक्रारी सरकारकडे जमतात. म्हणजे मोजणी कंपनीच्या हातातून काढून घेता येते, हे आपण कायद्याने मान्य केलेलं आहे. चारचाकीचं ब्रेक आणि फोनचा मदरबोर्ड यांत जिवाच्या धोक्याचा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण आज बँक, गॅसचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, दवाखान्याची वेळ सगळं त्या फोनमध्ये असताना तो दोन महिने बंद पडणं ही किरकोळ गैरसोयही नाही.

मागणी साधी आहे. दर मॉडेलचे किती नग विकले, किती दुरुस्तीला आले, कोणत्या कारणाने आणि कितींची वॉरंटी का नाकारली, हे आकडे कंपन्यांनी दर तिमाहीला जाहीर करावेत. माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो, हे आकडे त्यांच्याकडे तयार असतात. रोज सकाळी कुणीतरी ते डॅशबोर्डवर पाहत असतं. तोवर निदान जॉबशीटवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. आणि ‘पहिल्यांदाच आलाय’ असं कुणी म्हणालं, तर तेही त्यावर लिहून मागावं, सही-शिक्क्यासकट.