रोहिणखेडचे तीन दिवसारंभ

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याचे गाव. वऱ्हाडचा सपाट पायनघाट इथे संपतो आणि बालाघाटाची चढण सुरू होते. बऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे निघालेल्या फौजांना ही वाट सोयीची होती, म्हणून गावाचे नाव इतिहासात आले ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खान फारुकीला इथे गाठून हरवले. पुढे अहमदनगरच्या गादीच्या वादात बुऱ्हाण निजामशहाविरुद्ध लढताना जमाल खान इथेच मारला गेला. या जमाल खानाच्या पक्षातल्या खुदावंद खान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली लहानशी, देखणी मशीद हे गावाचे जुने वैभव. माझा विषय मात्र लढाया नाहीत. या गावात शतकानुशतके वेळ कशी मोजली गेली, हा आहे. घड्याळ येण्याआधी खेड्यांना वेळेचे भान नव्हते, जे काही होते ते अंदाजपंचे होते, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते हे खरे नाही. जुनी मोजणी पुरेशी नेमकी होती आणि तिचा आरंभ गावाच्या स्वतःच्या क्षितिजावर होत असे. घड्याळाने तो आरंभ गावाबाहेर नेला, आणि या बदलाची मोठी बाजू ती आहे.

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत साठ घटका, घटकेची साठ पळे. म्हणजे घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. घटका मोजायला तांब्याची, बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवत; ती भरून बुडाली की एक घटका झाली. सूर्यसिद्धान्तात या पात्राचे वर्णन आहे. याच डोंगररांगेत, चाळीसगावजवळ पाटणे येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. म्हणजे काळाचे गणित शिकवणारी जागा या प्रदेशाला परकी नव्हती. मशिदीचा दिवस मात्र सूर्यास्ताला उजाडतो, म्हणून रमजानचा महिना संध्याकाळच्या चंद्रकोरीने सुरू होतो. दुपारच्या नमाजाची वेळ सूर्य कलल्यावर होते आणि असरची वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते. सरकारी कागदांचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. एकाच गावात दिवसाचे हे तीन आरंभ आजही नांदतात.

तारीख लावताना हा फरक विसरला तर इतिहासातही घोटाळा होतो. शिवराज्याभिषेकाची जेधे शकावलीतली नोंद पाहा. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, वार शुक्रवार, आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असे ती सांगते. इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडरात हा दिवस ६ जून १६७४, आणि वार शनिवार. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. सूर्योदयाला अजून तीन घटका, म्हणजे बहात्तर मिनिटे, बाकी होती. पंचांगाचा शुक्रवार संपला नव्हता आणि इंग्रजांचा शनिवार मध्यरात्रीच लागला होता. तिथीचेही तसेच. शकावलीच्याच आकड्यांप्रमाणे द्वादशी दिवसाच्या एकविसाव्या घटकेनंतर संपली होती, म्हणून आपण हा सोहळा त्रयोदशीचा मानतो. वार, तिथी, घटका आणि पळे इतक्या बारकाव्याने लिहिणाऱ्या समाजाला वेळेचे भान नव्हते, असे कसे म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. घटिकापात्र जोशाच्या घरी, लग्नमंडपात नाहीतर गढीवर असायचे. शेतकऱ्याकडे ते कुठले? बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या घड्याळ्यांचे, धातूच्या जाड थाळीवर टोले देणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे, पण तेही शहरांचे. खेड्यात प्रहर चालत. दिवसाचे चार, रात्रीचे चार. रात्र झाली की आकाशातली नक्षत्रे, दिवसा अंगणातली सावली. हे प्रहर ऋतूप्रमाणे लांबत आणि आखडत. रोहिणखेडच्या अक्षांशावर जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे जातो आणि डिसेंबरमधला अकरा तासांच्या आत राहतो. दिवसाचा प्रहर त्यामुळे उन्हाळ्यात सुमारे तीन तास वीस मिनिटांचा आणि हिवाळ्यात पावणेतीन तासांच्याही आतला. आजच्या नजरेला हा ढिलेपणा वाटतो. पण मोट, नांगर, निंदणी, वेचणी ही सगळी कामे उजेडाशी बांधलेली होती, आणि उजेडाचे समान भाग करणारे माप त्यांना तासांपेक्षा चपखल बसत होते. मजुराची दया त्यात होती असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यातला लांब दिवस त्याच रोजात राबवून घेणारेही तेच माप होते. नेमकेपणा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप असा, की सूर्योदयापासूनची मोजणी आधुनिक जगात टिकणारच नव्हती, म्हणून ती गेली. इथे पूर्व आफ्रिकेचा दाखला उपयोगी पडतो. रवांडाच्या किन्यारवांडा भाषेत सकाळी सातला ‘सा मोया’ म्हणतात, म्हणजे पहिला तास. भर दुपारचे बारा म्हणजे सहावा तास. मनगटावर आपल्यासारखेच घड्याळ, पण तोंडी मोजणी उजाडल्यापासूनची. हे जमते, कारण रवांडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला अवघ्या एक ते तीन अंशांवर आहे. तिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास असतो, सूर्य रोज सहाच्या सुमारास उगवतो, आणि घड्याळाच्या आकड्यातून सहा वजा केले की काम भागते. रोहिणखेडला सूर्य जूनच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्याही पुढे. सव्वा तासाहून जास्त सरकणाऱ्या आरंभाला यंत्राचा एकसारखा तास जोडता येत नाही. तेव्हा मोजणी मागासलेली होती म्हणून गेली, हे उत्तर अपुरे आहे. आपल्या अक्षांशावर तिची आणि यंत्राची सांगड बसली नाही.

सांगड बसवण्याची सवडही मिळाली नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढच्या दशकात भुसावळहून मलकापूरमार्गे जीआयपी रेल्वे पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गाडीला प्रत्येक गावाचा वेगळा मध्यान्ह परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. एका रुळावर दोन वेळा चालल्या तर अपघातच. पण रोहिणखेडच्या वाट्याला आलेली वेळ कुणाची होती? मुंबईच्या घड्याळात बारा वाजत तेव्हा रोहिणखेडवरचा सूर्य तेरा-चौदा मिनिटांपूर्वीच माथ्यावरून गेलेला असे. रेल्वेने मद्रासची वेळ धरल्यावर उलटे झाले. तिथल्या बारानंतर सोळा मिनिटांनी इथे सूर्य माथ्यावर येई. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ आली आणि अंतर सुमारे पंचवीस मिनिटांचे झाले. सूर्य आणि गाव जिथे होते तिथेच होते. बदलत होते ते दुसरीकडचे निर्णय. मुंबईकरांनी या बदलाला उघड विरोध केला. तिथल्या महापालिकेने स्वतःची वेळ पुढे कित्येक दशके जपली आणि तो विरोध नोंदला गेला. घाटाखालच्या खेड्याजवळ महापालिका नव्हती, वर्तमानपत्र नव्हते. कचेरी, शाळा आणि कापसाच्या बाजारपेठांतल्या जिनिंगचा भोंगा यांच्यामार्फत नवी वेळ आली आणि कुणाची संमती न विचारता रुजली.

तरी ती पूर्ण रुजली असेही नाही. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, हे आजही सूर्योदयाच्या तिथीवर ठरते. सहेरी आणि इफ्तारची कोष्टके रोज मिनिटांनी सरकतात आणि शहरागणिक वेगळी छापली जातात. १९७३ पासून घरोघरी टांगल्या जाणाऱ्या कालनिर्णयात सूर्योदय दिलेला असतो तो मुंबईचा. रोहिणखेडच्या घरात तो वापरायचा तर सरासरी तेरा-चौदा मिनिटे अलीकडे घ्यावा लागतो. शाळेत पहिल्यांदा घड्याळ शिकवताना काट्यांबरोबर हा हिशेबही शिकवावा, असे मला मनापासून वाटते. त्याला अंगणातली एक काठी, तिची दुपारची सर्वांत आखूड सावली आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच लागते.