वय आणि ताजेपणा

सोलापूरहून कोणी पाहुणा आला की त्याच्या पिशवीतून शेंगाचटणीचे पाकीट निघते. ते उलटे करून पाहा. वजन, किंमत, पत्ता आणि कोपऱ्यात पुसट शाईत एक तारीख. चटणी उखळात कुटून समोरच्या गिऱ्हाइकाला लगेच बांधून दिली जायची, तोवर या तारखेची कोणाला गरज नव्हती. दुकानदाराची ओळख पुरेशी होती. करणारा आणि खाणारा एकमेकांना दिसेनासे झाले, मध्ये रेल्वे आणि गोदाम आले, तेव्हा तारखेची गरज पडली. खाण्याच्या पदार्थांच्या कितीतरी आधी ही वेळ लसींवर आली होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे सोलापूरसह इलाखाभर पसरला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल (हे गाव आज पाकिस्तानात आहे) येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. ती परळला ४१ दिवस आधी भरलेली होती.

आता खटला उभा राहिला तो या ४१ दिवसांवर. जंतू परळला शिरले की मुल्कोवालला? चौकशी समितीने परळकडे बोट दाखवले आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. पण बाटलीचे वय ठाऊक असल्यामुळे शास्त्रज्ञांना हिशेब मांडता आला. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत ४१ दिवस वाढले असते, तर तिला उग्र दुर्गंधी यायला हवी होती. बाटली उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय आत विष आधीच तयार असते, तर रोग्यांमध्ये लक्षणे लवकर दिसली असती. त्या दिवशी बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो उकळून घेतलेला नव्हता, हेही पुढे आले. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेकांनी बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. बाटलीचा क्रमांक आणि ती भरल्याचा दिवस, एवढ्याच गोष्टींवर एका माणसाची अब्रू परत मिळाली.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे, तो थोडक्यात सांगतो. औषधांसाठी १९४०चा कायदा आणि १९४५चे नियम आले. बांधीव मालासाठी १९७७चे नियम आले आणि वेष्टनावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापणे सक्तीचे झाले. यातली गंमत अशी, की हा नियम चटणीला लागू होता आणि प्लास्टिकच्या बादलीलाही लागू होता. बादली शिळी होत नाही!

पेंटबॉलचे मात्र तसे नाही. या खेळात एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात. या गोळीचे कवच जिलेटिनचे असते, म्हणजे जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलचेच. अशा कॅप्सूल भरण्याचे यंत्र रॉबर्ट शेरर यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत तयार केले. पुढे त्यांच्याच कंपनीने झाडांवर खुणा करण्यासाठी रंगाच्या गोळ्या बनवल्या आणि १९८१ मध्ये त्यांचा खेळ झाला. जिलेटिन हवेतली ओल शोषते, तेव्हा गोळी फुगते, मऊ पडते आणि नळीत अडकते. कोरड्या हवेत तीच ठिसूळ होऊन वेळेआधी फुटते. अशा गोळीवर तारीख हवीच. पण एकाच दिवशी भरलेले दोन डबे घ्या. एक पावसाळ्यात रत्नागिरीला उघडा ठेवा, दुसरा थंड, कोरड्या कपाटात झाकून ठेवा. दोघांवर तारीख एकच, गोळ्या मात्र सारख्या राहणार नाहीत.

तारीख वस्तूचे वय सांगते, ताजेपणा सांगत नाही. ताजेपणा ठरतो वय, उष्णता, ओल आणि हवा या सर्वांच्या हिशेबाने. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग किती वाढतो, याचे सूत्र स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो. समजा, २५ अंशांना एखादा पदार्थ सहा महिने टिकतो. मग ३५ अंशांना तो तीन महिनेच टिकेल आणि ४५ अंशांना जेमतेम दीड. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या दुकानात त्याहून वर. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. कुटल्यावर पेशी फुटून ते हवेला मोकळे मिळते, त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि खवट वास येतो. छापील मुदत उरली असली तरी नाकाला हे आधी कळते.

ही अडचण लसींच्या बाबतीत तरी सुटली. १९९६ मध्ये पोलिओच्या कुप्यांवर एक छोटी खूण आली. वर्तुळात एक फिकट चौकोन असतो आणि उष्णता सोसत जाईल तसा तो गडद होतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची, मग मुदत कितीही उरलेली असो. मिठाईच्या बाबतीत २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने थोडा वेगळा विचार केला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईसमोर ‘कधीपर्यंत खावी’ हे लिहिणे सक्तीचे झाले, ‘कधी केली’ हे मात्र ऐच्छिक ठेवले. माझ्या मते दोन्ही हवे होते. पहिले दुकानदाराचे अनुमान आहे, दुसरी घडलेली गोष्ट.

शाळेत हे तपासून पाहता येईल. शेंगाचटणीच्या एकाच पाकिटाचे तीन भाग करून तीन सारख्या बाटल्यांत भरा. एक शीतकपाटात, एक वर्गातल्या कपाटात आणि एक उन्हातल्या खिडकीत ठेवा. दर आठवड्याला मुलांनी डोळे मिटून वास घ्यावा, पण चव घेऊ नये. कोणती बाटली कितव्या आठवड्याला खवट झाली, याचा तक्ता भिंतीवर लावावा आणि त्याशेजारी त्या पाकिटाची तारीख असलेला तुकडा चिकटवावा.