कापसाच्या शेतातून शिक्षण : यवतमाळ परिसरातील एक परंपरा

वऱ्हाडातल्या प्राथमिक शाळेला वर्गाबाहेर नेण्याचा विचार सहलीच्या निमित्ताने नव्हे, शेतीच्या वाटेने आला. त्याचे केंद्र होते यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीपलीकडचे वर्धा शहर. तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि एखादा उत्पादक उद्योग हा सर्व विषयांचा पाया, अशी त्याची मांडणी होती. १९३८मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये हे काम उभे केले.

उद्योगातून विषय कसा शिकवायचा, हे या कापूसपट्ट्यात सहज दाखवता येई. बोंड फुटल्यावर वेचणी करायची, सरकी काढायची, पेळू करून टकळीवर सूत कातायचे. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी; म्हणजे ६४० तारा मोजताना गुणाकार-भागाकार आपोआप हाताखालून जात. काळी जमीन ओल का धरते, पाऊस लांबला तर पेरणी का खोळंबते, या प्रश्नांतून भूगोल आणि विज्ञान शिकता येई.

त्याच काळात मध्य प्रांत व वऱ्हाडात तेथील शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. शाळेच्या नावे जमीन असावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, ही त्यामागची कल्पना. यवतमाळ जिल्हा याच प्रांतात होता. मात्र ‘विद्यामंदिर’ या नावाला मुस्लिम समाजातून विरोध झाला आणि १९३९च्या नोव्हेंबरात प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. योजनेचा राजकीय आधार तुटला.

स्वातंत्र्यानंतर नई तालीमच्या, म्हणजे बुनियादी, शाळांचा विस्तार झाला. पण उद्योग आणि विषय यांचा सांधा बहुतेक ठिकाणी निखळला. टकळीचा तास वेगळा, गणिताचा वेगळा. लेकराने शाळेतही काम का करावे, हा पालकांचा सवाल होता. कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची, म्हणजे शिक्षणात प्रत्यक्ष कामाची, शिफारस केली. पुढे कार्यानुभव आणि परिसर अभ्यास हे महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे भाग झाले.

अशा अभ्यासासाठी यवतमाळमध्ये परिसराची साधने विपुल आहेत : सागवान, पळस आणि मोहाची झाडे, टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये, कोलाम व गोंड समाजांचे वनज्ञान. अडचणीही तशाच. उन्हाळ्याच्या कडक उन्हात बाहेरचे काम सकाळीच आटोपावे लागते. शाळेची परसबाग असली, तरी वाफ्याची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढले, उगवलेली रोपे मोजून नोंदवहीत लिहिली, तरच तिच्यातून शिक्षण होते. अन्यथा ते केवळ पाणी घालण्याचे काम उरते.