लाहोरचे रुचिराम साहनी

पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. त्यांचे वडील रुचिराम (१८६३-१९४८) मात्र विस्मरणात गेले आहेत. शिक्षकांनी त्यांची ओळख करून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

हवामान खात्यातील नोकरी सोडून रुचिराम १८८७ साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवू लागले आणि १९१८ मध्ये तेथूनच रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. प्रा. ओमन यांच्याबरोबर त्यांनी 'पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट' चालवली. तिच्यातर्फे ते गावोगाव जाऊन प्रयोगांसह व्याख्याने देत, तीही पंजाबीत. विषय पाहा: साबण कसा बनतो, तार कशी पोचते, शुद्ध आणि अशुद्ध हवा, १८८० पूर्वी लाहोरकर कोणते पाणी पीत. यांतला एकही विषय क्रमिक पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून उचललेला वाटत नाही! ऐकायला दुकानदारही येत.

लोकांसाठी बोलणारा प्राध्यापक संशोधनात मागे पडतो, असे आमच्या क्षेत्रात अजूनही कुजबुजले जाते. रुचिराम १९१४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, किरणोत्साराच्या अभ्यासासाठी जर्मनीत फायान्स यांच्याकडे गेले होते. महायुद्ध पेटले, तेव्हा तेथून निघून त्यांनी मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केले.

तरीही आमच्या मते त्यांचे मोठे काम व्याख्यानांचे नव्हे, कार्यशाळेचे. व्याख्यान संपले की श्रोते घरी जातात; शाळेतल्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात उभे राहायचे असते. शाळांत विज्ञान आले होते, पण उपकरणे विलायतेहून येत आणि ती महाग पडत. उपकरणांवाचून शिकवलेले विज्ञान म्हणजे निव्वळ पाठांतर. रुचिरामांनी रेल्वेतल्या एका मिस्त्रीला हाताशी धरले, लेथ घेतला आणि घरीच उपकरणे बनवायला सुरुवात केली. विलायती मालापेक्षा ती पुष्कळ स्वस्तात शाळांना मिळू लागली.

१८९३ मध्ये ही उपकरणे पुण्याच्या औद्योगिक परिषदेत मांडली गेली. १९०६ च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. तेथे परीक्षकांत जगदीशचंद्र बोस होते. त्यांनीही आपली विद्युत्‌लहरींची उपकरणे कलकत्त्यातल्याच एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला शिकवून त्याच्याकडून घडवून घेतली होती.