सेवकाचा वंशविस्तार : एका इंग्रज मूळ पुरुषाचा कुलेतिहास

कुलवृत्तांत लिहावयास बसले म्हणजे आपला मूळ पुरुष कोणी सरदार, निदान गावचा वतनदार असावा, असे प्रत्येक घराण्यास वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु इतिहासास इच्छेपेक्षा कागदाचा आधार लागतो. अमेरिकेत प्रथम वसाहत करणाऱ्या इंग्रजांच्या वंशजांनाही हाच मोह पडला होता. त्यांपैकी एका घराण्याची हकीकत आपल्या कुलवृत्तांतांच्या कामी उद्बोधक वाटल्यावरून ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन हाउलंड. हे इंग्लंडातील हंटिंग्डनशायर परगण्यातील फेनस्टँटन गावचे. धर्मस्वातंत्र्यासाठी मायदेश सोडणारी मंडळी व त्यांचे सहप्रवासी असे 102 जण 'मेफ्लॉवर' जहाजातून सप्टेंबर 1620 मध्ये निघाले, तेव्हा जॉन कार्व्हर या प्रमुख गृहस्थांचे सेवक म्हणून हाउलंड त्यांत होते. भर समुद्रात वादळ झाले असता ते डेकवर आले आणि लाटेच्या हेलकाव्याने पाण्यात फेकले गेले. शिडाचा एक दोर बाहेर लोंबत होता, तो त्यांच्या हाती लागला. ते पाण्याखाली खोल गेले, तरी त्यांनी दोर सोडला नाही. अखेर जहाजावरील लोकांनी त्यांना वर ओढून घेतले. पुढे वसाहतीचा कारभार कसा चालावा याविषयीचा करार नोव्हेंबरात जहाजावरच झाला. त्यावर सह्या करणाऱ्या 41 पुरुषांत या सेवकाचेही नाव आहे.

प्लिमथ येथे वसाहत झाली ती जागा ओसाड रान नव्हती. वाम्पानोआग लोकांचे पटुक्सेट नावाचे गाव तेथे होते. काही वर्षांपूर्वीच्या साथीने ते उजाड झाले होते. वसाहतवाल्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी माणसे मृत्युमुखी पडली. 1621 च्या मार्चमध्ये वाम्पानोआगांचे प्रमुख मॅसासॉइट यांनी तह केला व त्यांच्या लोकांच्या साह्याने उरलेले तगले. त्या पहिल्या वर्षातच कार्व्हर पतिपत्नी निवर्तली. एलिझाबेथ टिली या तेरा वर्षांच्या मुलीचे आईबाप, चुलता व चुलती हे सर्वच दगावले. पुढे याच अनाथ मुलीशी हाउलंड यांचा विवाह झाला. 1627 मध्ये वसाहतीची गुरे वाटली गेली, त्या यादीत हे दांपत्य व त्यांची दोन मुले यांची नावे सापडतात.

भांडवल पुरविणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचे मोठे कर्ज वसाहतीच्या डोक्यावर होते. ते फेडण्याची हमी वसाहतीतील ज्या आठ जणांनी अंगावर घेतली, त्यांत एकेकाळचा हा सेवक होता. केनेबेक नदीवरील कातड्यांच्या व्यापाराचे ठाणे त्यांच्याकडे सोपविले होते. तेथे 1634 मध्ये दुसऱ्या वसाहतीच्या हॉकिंग नामक माणसाशी व्यापाराच्या हक्कावरून तंटा होऊन दोन्ही बाजूंचा एकेक माणूस ठार झाला. हा प्रसंग वसाहतीच्या गव्हर्नरांनीच लिहून ठेवला आहे. वंशजांना तो झाकता येत नाही, व झाकूही नये.

1673 च्या फेब्रुवारीत, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, हाउलंड वारले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या वर होते. त्यांना चार पुत्र व सहा कन्या. थोरल्या कन्येचे नाव डिझायर, म्हणजे इच्छा, आणि दुसरीचे होप, म्हणजे आशा. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1675 मध्ये, मॅसासॉइटच्या पुत्राशी इंग्रजांचे दारुण युद्ध जुंपले व तहाची सोयरीक रक्तात बुडाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पुढील पिढ्यांत अशी आख्यायिका रूढ झाली, की हाउलंड यांची पत्नी पहिले गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या, किंवा नात होती. स्मारकशिलेवरही गव्हर्नरांशी असलेले हे नाते कोरले गेले. सेवकास धन्याच्या कुळाशी जोडल्याने घराण्याची प्रतिष्ठा वाढते, हे उघड आहे. परंतु गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी स्वहस्ते लिहिलेला वसाहतीचा इतिहास लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडला व 1856 मध्ये संपूर्ण छापला गेला. त्याच्या शेवटी प्रवाशांची व त्यांच्या संततीची नोंद आहे. तीत स्पष्ट म्हटले होते, की हाउलंड यांची पत्नी जॉन टिलीची कन्या. आख्यायिका संपली. वंशजांनी सत्य स्वीकारले आणि स्मारकावर टिलीचे नाव घातले.

यात घराण्याचे काय गेले? काहीच नाही. वंशजांनी 1897 मध्ये हाउलंड यांच्या नावाने मंडळ स्थापिले व प्लिमथ येथील पुत्र जेबेझचे राहते घर जतन केले. फ्रँकलिन रूझवेल्ट तसेच थोरले व धाकटे बुश हे राष्ट्राध्यक्ष याच वंशात येतात. विशेष हे, की या वंशगणनेत कन्यांची संतती पुत्रांच्या संततीइतकीच मोजली जाते.

आपल्या वंशावळींत मुलगी सासरी गेली की तिची शाखा बहुधा तेथेच तुटते. आपल्याजवळ तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, वतनाचे कागद आहेत, घरोघरच्या पेटाऱ्यांत जुनी पत्रे आहेत. वाळवी लागण्यापूर्वी ती वाचून नकलून घ्यावीत. ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून व कागदी आहे ते कागदी म्हणून निराळे नोंदवावे. आणि लेकींची नावे त्यांच्या मुलाबाळांसह लिहावीत. मूळ पुरुष कारकून, शागीर्द वा कर्जबाजारी कुळ निघाल्यास त्याचाही संकोच नसावा. ज्याने पाण्यात दोर घट्ट धरला व दुसऱ्यांचे कर्ज अंगावर घेतले, त्याच्या नावापुढे सेवक लिहिल्याने त्याच्या वंशजांची मान खाली गेली नाही. प्रत्येक कुटुंबाने आपली निदान पाच पिढ्यांची खरी हकीकत लिहून काढावी, एवढीच नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.