डॉक्टर, डच माणूस आणि साचाखातं

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप. शहाणे म्हणाले, दत्ता सामंतांनी कामगार नादाला लावले. हुब व्हान वर्श हा डच संशोधक कामगारांनाच विचारत फिरला. १९९२ च्या त्याच्या पुस्तकात दिसतं, कामगारच डॉक्टरांच्या दारात गेले होते. संप मोडला, तरी १९८४ च्या काँग्रेस लाटेत गिरणगावानं हाच बिगरपक्षाचा माणूस दिल्लीला धाडला.

माझ्या आज्याचंही मत त्यालाच. पण आजा जन्मभर रिंगखात्यात. धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, विटाळ होईल, म्हणून साचाखातं आपल्याला बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा सवाल टाकला होता.

पिंपरीत रात्रपाळीला हे सांगितलं, तर चाकणचं कंत्राटी पोरगं म्हणतं, “डॉक्टरांना कुणी विचारलं का हे?”